दोराच्या शेवटची बाई

३ डिसेंबर

अंगणवाडीत मी अकरा रजिस्टरं भरते. हे बारावं. यात कोणाचं वजन नाही, कोणाची उंची नाही, आणि पर्यवेक्षिका मॅडमची सही तर नाहीच नाही. त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

गेल्या महिन्यात दिग्रसला शिबिरात आम्हा सगळ्या सेविकांचं रक्त घेतलं. माझं कोलेस्टेरॉल दोनशे अठ्ठ्याऐंशी निघालं. आज डॉक्टरांसमोर रांग होती. त्यांनी वर न पाहता विचारलं, "शुगर? बीपी?" मी म्हटलं, नाही. त्यांनी रात्री जेवणानंतर घ्यायची गोळी लिहून दिली. कागदावर 'इतर आजार' म्हणून एक रकाना होता. मला चार वर्षांपासून थायरॉइड आहे, ते लिहायचं होतं, पण रकाना एवढासा आणि मागून आमची मदतनीस तानाबाई ढकलत होती. मी आडवी रेघ मारून दिली. एरवी कोणत्या आईने रकाना असा सोडला असता तर मी तिला परत बसवलं असतं.

गोळी कोणत्या तारखेपासून घेते ते लक्षात राहावं म्हणून हे लिहिणं. आजची घेतली.

५ डिसेंबर

महिला दिनाच्या खेळांचं पत्र आलं. रस्सीखेच आहे!

मागची तीन वर्षं सुखीबाई राठोडच्या गटाने आम्हाला ओढून नेलं. ती तांड्याच्या अंगणवाडीची सेविका. दोराच्या शेवटी ती उभी राहते, आणि आमच्याकडून मी. शेवटच्या बाईने दोर कमरेभोवती घ्यायचा आणि जमिनीत रुतून राहायचं, बाकीच्यांनी ओढायचं. सुखीबाई अठ्ठ्याहत्तर किलोची. मी एकाहत्तर. सात किलोंनी आमची तीन वर्षं गेली.

तानाबाई म्हणाली, "मॅडम, माह्या भाचीनं थायरॉइडची गोळी चालू केली अन् सहा महिन्यात आठ किलो उतरली. तुमी तं तेच घेऊन राह्यल्या ना?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणून माझं वजन वाढत नाही! आठ मार्चपर्यंत थायरॉइडची गोळी बंद. त्यानंतर पुन्हा सुरू करेन, काही पळून जात नाही. तशीही चार वर्षं रोज सकाळी चहाच्या घोटासोबत, लोहाच्या गोळीबरोबर गिळतेच आहे. काय मोठा फरक पडला? शिवाय आता कोलेस्टेरॉलची आली. एका माणसाने किती गोळ्या घ्याव्या.

घरी सांगितलेलं नाही.

दुपारी पायल आली होती, पाचवा महिना आहे तिला. लोहाची गोळी चहासोबत घेते म्हणे. चांगली झापली. म्हटलं, चहासोबत औषध अंगी लागत नसते, एवढं कळू नये?

२० डिसेंबर

वजन साडेबाहत्तर. उपाय लागू पडला.

सराव सुरू. मैदानाच्या कडेला कडुलिंबाला दोर बांधून ओढतो. झाड हललं नाही, पण आम्हीही हललो नाही, म्हणजे बरोबरी.

थंडी यंदा फार आहे. मी दोन स्वेटर घालते. बाकी बायका एकातच फिरतात, त्यांना सवय असेल.

२ जानेवारी

मांड्या दुखतात. कडुलिंबामुळे.

८ जानेवारी

चार दिवस सराव बंद ठेवला तरी मांड्या दुखतातच. आता दंडही. सकाळी वेणी घालताना हात वर धरवेना. अर्धी वेणी घातली, हात खाली घेतला, दम खाल्ला, मग उरलेली घातली. तानाबाईने तिच्या घरचं मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल आणून दिलं. "रातभर लावून झोपा, मॅडम. बैलाच्या खांद्याची सूज बी उतरते यानं." लावलं. सकाळी बैलासारखा वास होता, जोर मात्र नव्हता.

निकिताचा पुसदवरून फोन आला. मी "हॅलो" म्हटलं, तर म्हणते, "बाबा, आईले द्या ना." म्हटलं, मीच आहे वं! तिने पुन्हा एकदा 'हॅलो' म्हणवून घेतलं. मग म्हणाली, "आई, आवाज काहून असा झाला? गोळी घेते ना तू?"

"घेते," म्हटलं. खोटं नाही. कोलेस्टेरॉलची एकही रात्र चुकवलेली नाही.

१६ जानेवारी

एक गोष्ट लक्षात आली आहे ती लिहून ठेवते, पुढेमागे कामाची पडेल.

सोमवारी लोणच्याच्या बरणीचं झाकण काही केल्या उघडेना. मंगळवारी त्याला नुसता हात लावला आणि उघडलं! बुधवारी, गुरुवारी पुन्हा नाही. मागच्या मंगळवारीही असंच झालं होतं. मंगळवारी निकिताच्या बाबांना कापसाच्या जिनिंगमधून सुट्टी असते. बाकी दिवस ते सकाळीच जातात आणि संध्याकाळी डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर रुई घेऊन येतात. म्हणजे ते घरी असले की मला जोर येतो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर हे कळावं! त्यांना सांगणार नाही. फुगतील.

माझ्या खुर्चीच्या पायांखाली चार विटा आल्या आहेत. विचारलं तर म्हणाले, "वाळवी लागते." प्लास्टिकच्या खुर्चीला? पण त्यांच्याशी वाद कोण घालणार. आणि खरं सांगायचं तर उंच खुर्चीवरून उठायला बरं पडतं.

२७ जानेवारी

काल झेंडावंदनाचा फोटो काढला. माझे गाल किती भरले आहेत! सरपंचीणबाई म्हणाल्या, "तब्येत सुधरली हो." वजन पंचाहत्तर. सुखीबाई, सांभाळ.

फक्त एक. राष्ट्रगीतानंतर सगळे खाली बसले, मी उभीच राहिले. लोकांना वाटलं देशप्रेम. मला माहीत होतं, बसले तर उठता येणार नाही.

४ फेब्रुवारी

काल दिग्रसला मासिक सभा. सुखीबाई दारातच भेटली. माझ्याकडे टक लावून पाहत म्हणाली, "काय वं तुळसे, तोंड काहून सुजलं तुह्यं? आवाज बी पुरा घोगरा. थायरॉइड-गियरॉइड तं नाही? माह्या वहिनीचं असंच झाल्तं."

मी ओळखलं. महिना राहिला आहे खेळाला, आणि ही माझं मन खच्ची करते आहे. म्हटलं, "तू आपली वहिनी सांभाळ. आठ तारखेले भेटू." आणि तिला दाखवण्यासाठी ताठ मानेने जिना चढले. चौथ्या पायरीवर कठडा धरावा लागला. ती पुढे निघून जाईल म्हणून थांबले तर तीही थांबली. माझ्या मागे एक पायरी सोडून, दोन्ही हात जरा पुढे धरून, पार वरपर्यंत तशीच आली.

मी पडते कधी ते पाहायला, दुसरं काय.

११ फेब्रुवारी

आज जे झालं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे सांगवणार नाही.

पोट्ट्यांना गोष्ट सांगायला खाली बसले. सवयीने बसले, विसरलेच. गोष्ट संपली, खिचडीची वेळ झाली आणि मला उठता येईना. एक हात टेकवला, दोन टेकवले. गुडघ्यावर आले, पण पुढे मांड्या वर उचलल्याच जात नाहीत. दुखतात म्हणून नाही, त्यांच्यात काही उरलंच नाही असं वाटलं. चार वर्षांचा रजत समोर उभा राहून निरखत होता. म्हणाला, "मॅडम, तुमी फसल्या का?"

मग त्यानेच माझा हात धरला. त्याला मागून खुशीने धरलं, तिला आणखी कोणी, अशी अकरा पोट्ट्यांची रांग लागली. सरावात आम्ही ओरडतो ते त्यांचं पाठ आहे. "हैय्या! हैय्या!" मला इतकं हसू आलं की होता तोही जोर गेला. आणि रजत रागावून म्हणतो, "तुमी बी जोर लावा ना, मॅडम!"

मी लावतच होते रे बाळा.

शेवटी तानाबाईने आतून येऊन काखेत हात घालून उचललं. पोट्टे टाळ्या वाजवत खिचडीकडे पळाले. मी कोठीच्या खोलीत गेले आणि तांदळाच्या पोत्याला टेकून रडले. माझी माय सत्तराव्या वर्षी दिवसभर कापूस वेचून, ओटी भरून, एका झटक्यात उठायची. मी एक्कावन्न वर्षांची आहे. काय होऊन राह्यलं मले?

तानाबाईला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही.

१३ फेब्रुवारी

तानाबाई फितूर झाली. दुसऱ्या कोणाला नाही, थेट सुखीबाईला सांगितलं!

संध्याकाळी सुखीबाई स्कूटीवर आली. मागे निकिताचे बाबा बसलेले. म्हणजे आधी जिनिंगमध्ये जाऊन तिने त्यांना उचललं, मग इकडे. दोघं माझ्यासमोर बसले. निकिताच्या बाबांनी मिशीवरची रुईही झटकली नव्हती.

"उद्या डाक्टरकडं जायचं," सुखीबाई म्हणाली.

"तू कोण सांगणारी?"

"तू नाही गेली तं मी यंदा दोराले हात लावत नाही. मंग जिंकजा तुमी, फुकटात."

मी विचार केला, यात हिचा काय डाव असेल? सापडला नाही. निकिताच्या बाबांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "दोन महिने झाले, मी पाहून राह्यलो. तू विचारू देशील तं विचारीन ना मी."

मग मी हो म्हटलं.

१४ फेब्रुवारी

दिग्रसला डॉ. गुंडावार बाईंकडे. वयाने निकितापेक्षा थोड्या मोठ्या, पण नजर करडी. आधी म्हणाल्या, "खुर्चीवरून हात न टेकता उठून दाखवा." तीनदा प्रयत्न केला. त्यांच्या खुर्चीखाली विटा नव्हत्या. मग गुडघ्यावर छोटा हातोडा मारला. पाय पटकन वर गेला आणि बैलगाडीसारखा सावकाश खाली आला. त्या पाहत राहिल्या, पुन्हा मारला.

"लघवी काळी, चहासारखी होते?"

"नाही."

"बरं झालं. सगळ्या गोळ्या आणल्या?"

मी पिशवी पुढे केली. त्यांनी कोलेस्टेरॉलची पाहिली. मग तळातून थायरॉइडची बाटली काढली, हलवली. भरलेली खळखळली.

"ही कधीपासून बंद आहे?"

मी पिशवीची घडी घालू लागले. "ही दुसरी कधी सुरू केली?" त्याचं उत्तर होतं, म्हणून हे रजिस्टर काढून दिलं. पेशंट तारीखवार लिहून आणतो याचा त्यांना फार आनंद झाला. पण ज्या पानावर ती तारीख, त्याच्याच खाली पाच डिसेंबर. ते त्यांनी मोठ्याने वाचलं. निकिताच्या बाबांसमोर. वजनाचं, तानाबाईच्या भाचीचं, चहाच्या घोटाचं, सगळं.

ते ऐकून निकिताच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग फक्त एवढंच, "दोरासाठी?"

मला तिथल्या तिथे जमिनीत रुतावंसं वाटलं.

रक्त दिलं. रात्रीची गोळी आजपासून थांबवायला सांगितली. पाणी भरपूर. दोराला हात लावायचा नाही.

१६ फेब्रुवारी

रिपोर्ट आले. थायरॉइडचा आकडा चार-पाचच्या आत हवा, माझा चौऱ्याहत्तर. स्नायूंना इजा झाली की रक्तात एक गोष्ट वाढते, ती दोनशेच्या आत हवी, माझी दोन हजार शंभर. डॉक्टरबाईंनी कागदावर काढून समजावलं, ते मला समजलं तसं लिहिते.

थायरॉइड कमी पडलं की हा आकडा चढतो आणि अंगातलं सगळं काम मंदावतं. थंडी वाजते, तोंड सुजतं, आवाज घोगरा होतो. (म्हणजे ते गाल तब्येत सुधारल्याचे नव्हते.) स्नायू कमजोर पडतात, आणि कोलेस्टेरॉलही त्यानेच वाढतं. अशा वेळी कोलेस्टेरॉलची गोळी घेतली की ती स्नायूंना बाधण्याची भीती जास्त. माझ्या मांड्यांना दोन्हीकडून मार बसला.

"म्हंजे गोळी खराब होती?" निकिताच्या बाबांनी विचारलं.

"गोळी चांगली आहे हो. कित्येकांचे हार्ट अटॅक टाळते. पण थायरॉइड आहे हे कळलं असतं, तर आधी ते ठीक केलं असतं. कदाचित हिची गरजच पडली नसती, किंवा थोडीच पडली असती." मग माझ्याकडे वळून, "आणि चहासोबत, लोहासोबत घेतलेली थायरॉइडची गोळी पुरती अंगी लागतच नाही, बाई. उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. नंतर तासभर चहा नाही. लोहाची गोळी चार तासांनी."

मी मान खाली घातली. पायल बाहेर बाकावर नाही ना, ते आधी पाहिलं.

बाहेर आल्यावर विचारलं, "रागावले का?"

"रागावलो ना. आठ मार्चनंतर रागावीन म्हणत होतो, पण तुह्यासारखं टाळणं बरं नाही."

आणि मग बसस्टँडवर मला पेरू घेऊन दिला.

१ मार्च

सकाळी साडेपाचला ते स्वतः गोळी आणि पाणी देतात. मग चहापत्तीचा डबा काखेत घेऊन अंगणात जाऊन बसतात, एक तास. मी दारातून पाहते. साडेसहाला आत येतात. या एका तासात मी त्यांच्याबद्दल जे विचार करते ते बाराव्या रजिस्टरातही लिहिता येणार नाही.

दुखणं पुष्कळ कमी. जोर अजून नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, महिने लागतील.

निकिता येऊन गेली. माझ्याशी एक दिवस बोलली नाही, दुसऱ्या दिवशी वेणी घालून दिली.

८ मार्च

हरलो.

शेवटच्या जागी तानाबाई उभी केली. मी बाजूला खुर्चीवर. पहिली खेच आम्ही जिंकली! दुसरी त्यांनी. तिसऱ्या वेळी दोर मधोमध थांबला, कोणाकडेच जाईना. मी आरोळी मारायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना, नुसती फुसफुस. तेवढ्यात तानाबाईची चप्पल निघाली, आणि पाचव्या मिनिटाला आमच्या सगळ्या बाया रेषेपलीकडे एकमेकींवर.

बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन सुखीबाई माझ्याकडे आली. वाटलं, आता तोरा मिरवणार. ती बाजूला धुळीत फतकल मारून बसली.

"मजा नाही आली वं. समोर तू नाही, ते तानाबाई! पोत्यासारखी उभी राहते."

तानाबाईने ते ऐकलं. त्यानंतरची खेच नियमात नव्हती, पण आजची सगळ्यात चुरशीची तीच झाली. मध्ये पर्यवेक्षिका मॅडम पडल्या.

जाताना मी सुखीबाईला विचारलंच. त्या दिवशी जिन्यावर मागे का चालत होती?

"तू पडली असती तं धरली असती. दुसरं काय!" ती म्हणाली आणि स्कूटीला किक मारली.

तीन वर्षं मी त्या बाईचं तोंड दोराच्या त्या टोकालाच पाहिलं होतं.

१५ एप्रिल

परवा रिपोर्ट आले. थायरॉइडचा आकडा नऊ. स्नायूंचा एकशे साठ. आणि कोलेस्टेरॉल दोनशे चौदा, रात्रीची गोळी न घेता! डॉक्टरबाईही माझ्याइतक्याच हसल्या. थायरॉइडचा आकडा अजून खाली यायला हवा. आणखी तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, कोलेस्टेरॉलसाठी काही लागलंच तर कमी मात्रेत देऊ, आणि मांड्या दुखल्या तर त्याच दिवशी फोन. मनाने सुरू नाही, मनाने बंद नाही. निकिताच्या बाबांनी हे शेवटचं वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

काल जयंतीच्या मिरवणुकीत पूर्ण रस्ता चालले. पांढरी साडी, एकही स्वेटर नाही. वजन सत्तर.

३ मे

सुखीबाईच्या मुलाचं, बादलचं लग्न. तांड्यावर भर उन्हात मांडव, आणि मांडवात अख्खा तालुका. म्हाताऱ्यांसाठी टेबल-खुर्च्या होत्या. निकिताच्या बाबांनी मला तिकडे न्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, मी खाली पंगतीत बसणार. तेही शेजारी बसले, पण जेवताना त्यांचं लक्ष वांग्याच्या भाजीवर कमी आणि माझ्या गुडघ्यांवर जास्त होतं.

बुंदी झाली, मठ्ठा झाला. पंगत उठायला लागली. मला धाकधूक होतीच, खोटं कशाला सांगू. ओढायला अकरा पोट्टे तिथे नव्हते, आणि एवढ्या लोकांसमोर फसले तर दिग्रसपर्यंत बातमी. डावा पाय मुडपला, उजवा हात गुडघ्यावर ठेवला, आणि एकदाचा जोर लावला.

उठले. थोडी डगमगले, पण उठले.

समोर पाहते तर सुखीबाई. नवरदेवाची माय, अंगावर नवं लुगडं, शंभर कामं सोडून माझ्यापुढे वाकून, हात लांब करून उभी.

"उठली वं तू?" ती म्हणाली. तिचा हात तसाच पुढे राहिला. मागे घ्यावा की नाही, तिला कळेना.

मी तो धरला. आणि धरला तसा ओढला. ती एक पाऊल पुढे आली, मग डोळे बारीक केले, टाचा रोवल्या, आणि मला ओढलं. मीही रुतले. निकिताचे बाबा "अवं, अवं" करत राहिले, बादल बोहल्यावरून मान उंच करून पाहायला लागला, वाढपी बुंदीची बादली घेऊन आमच्या बाजूने वळसा घालून जाऊ लागले. आणि आम्ही दोघी मांडवाच्या मधोमध, एकमेकींचा हात घट्ट धरून, कोणीच हलायला तयार नाही.